शांगान इलेक्ट्रो: नोझिंजा यांच्या संगीतात परंपरा नेमकी कुठे आहे?

नादखुळा:
दक्षिण आफ्रिकेतील संगीतकार नोझिंजा, म्हणजेच रिचर्ड म्थेत्वा, यांचा ‘शांगान इलेक्ट्रो’ या वेगवान नृत्यसंगीताचा ‘नोझिंजा लॉज’ (२०१५) हा अल्बम ऐकला. मिनिटाला सुमारे १८० ठोक्यांची लय, कीबोर्डवरचे मरिंबाचे (लाकडी पट्ट्यांच्या वाद्याचे) चकचकीत सूर आणि तुकडे करून उंच पट्टीत पेरलेले गायन ऐकून एखाद्या खेळण्याला चावी जास्त बसल्यासारखे वाटते. एकीकडे याला ‘भविष्यातले संगीत’ म्हटले जाते, तर दुसरीकडे लिम्पोपो प्रांतातील त्सोंगा समाजाच्या परंपरेशी याचे नाते सांगितले जाते; ते ऐकताना कशावरून ओळखावे?

ठेका_धरून:
सुरुवात नाचापासून करावी, असे मी सुचवेन. त्सोंगा स्त्रिया शिबेलानी नावाचा जो नाच करतात, त्यात कमरेभोवती दाट चुण्यांचा जाडजूड घागरा असतो, आणि कमरेची अगदी लहानशी हालचालही त्या घेरामुळे कितीतरी मोठी होऊन दिसते. अशा थरथरीला दणदणीत खर्जापेक्षा बारीक, दाट आघात अधिक पोषक ठरतात. म्हणूनच या गाण्यांत बास जवळजवळ नसणे मला उणीव वाटत नाही. (लॅपटॉपच्या स्पीकरवरही ही गाणी फारशी बिघडत नाहीत, हा वरकड फायदा.)

जुनी_तबकडी:
नाचाइतकाच गिटारचा वारसाही महत्त्वाचा आहे. अमेरिकन गायक पॉल सायमन यांच्या १९८६ च्या ‘ग्रेसलँड’ या अल्बममध्ये जनरल एम. डी. शिरिंडा आणि गाझा सिस्टर्स यांचा सहभाग होता. ते याच त्सोंगा घराण्यातले. मुख्य गायक आणि त्याला उत्तर देणाऱ्या स्त्रिया ही तिथली रचना नोझिंजा यांनी टिकवली, मात्र गिटार आणि बास काढून त्यांची जागा कीबोर्डला दिली आणि लय भरधाव केली.

नादखुळा:
मग ‘भविष्यातले संगीत’ हे बिरुद युरोपीय कंपन्यांचे म्हणायचे का?

ठेका_धरून:
बऱ्याच अंशी तसेच. लंडनच्या ऑनेस्ट जॉन्स या रेकॉर्ड कंपनीने २०१० मध्ये या संगीताचे संकलन काढले तेव्हा युरोपला हे नवल वाटले. पण मोबाइल दुरुस्तीच्या धंद्यातून संगीताकडे वळलेले नोझिंजा जोहान्सबर्गच्या सोवेटो भागातल्या स्टुडिओत त्याआधीपासून ही गाणी त्सोंगा श्रोत्यांसाठीच तयार करत होते. विदूषकी मुखवटे घालून नाचणाऱ्या त्शेत्शा बॉइज या शांगान इलेक्ट्रो गटाचा एखादा व्हिडिओ आवाज बंद करून पाहा. पावलांवरूनही लय मोजता येते.