पहिला कॅरव्हॅन ट्रेलर: गाडी ओढते म्हणून घ्यायचा, की घाट उतरेल का हे बघून?

रंकाळाकाठ

घरच्यांसाठी पहिला कॅरव्हॅन ट्रेलर, म्हणजे गाडीमागं जोडून ओढायचं चाकांवरचं घर, घ्यायचं जवळपास ठरलंय. गाडी स्कॉर्पिओ-एन, डिझेल, ऑटोमॅटिक. माणसं पाच: आम्ही दोघं, शाळेत जाणारी दोन पोरं आणि आई. जायचं म्हणजे तारकर्ली, गणपतीपुळे, दिवाळीच्या सुट्टीत बदामी-हंपी. कोकणात उतरायचं तर घाट चुकत नाही.

दोन ट्रेलर समोर आहेत. एक छोटा, छप्पर वर उचलायचं, रिकामं वजन 650 किलो, आत दोघांची झोप आणि बाजूला तंबू. दुसरा सोळा फुटी, पाच जणांची झोप, संडास-बाथरूम, ओटा, रिकामा 1250 किलो. विकणारा म्हणतो, "तुमची गाडी दोन टन सहज ओढते, मोठाच घ्या."

मला हे पटत नाही. गाडी किती ओढते हा माझ्या मते शेवटचा प्रश्न. त्याच्या आधी दोन येतात: गाडीच्या मागच्या चाकांवर किती भार चालतो, आणि भरलेला ट्रेलर मागं असताना करूळ घाटात गाडी वेळेवर थांबते का. या दोन्हींचं उत्तर मिळेपर्यंत ट्रेलरच्या आतला ओटा आणि पडदे बघायलासुद्धा जाऊ नये. ज्यांना वेगळं वाटतं त्यांनी खोडून काढावं.

पाचगावकर

मी खोडतो. मोठाच घ्या, दादा.

तुमच्या गाडीला 400 न्यूटन-मीटर टॉर्क, म्हणजे इंजिनाचा ओढायचा जोर, आहे. हीच गाडी ऑस्ट्रेलियात अडीच टनांच्या ट्रेलरसाठी अधिकृतपणे विकली जाते. दीड टनाला घाबरायचं काय कारण? आणि छोट्या ट्रेलरात आईला कुठं झोपवणार, तंबूत? रात्री संडासला उठायचं तर टॉर्च घेऊन चिखलातून? पोरं तीन-चार वर्षांत तुमच्या खांद्याला लागतील. छोटा घेतलेला माणूस लवकरच विकतो आणि मोठा घेतो, त्यात दोन्हीकडून पैसे जातात. घरातल्या माणसांची सोय हाच ट्रेलरचा उद्देश. सोयच नसेल तर सरळ लॉजवर जावं की.

शिरोली_फॅब्रिकेशन

आमचं काम ट्रॉली आणि एक्सलचं. या विषयात रोज हात असतो म्हणून सविस्तर लिहितो.

पाचगावकर म्हणतात तो अडीच टनांचा आकडा बरोबर आहे, पण अर्धाच. तो ब्रेक असलेल्या ट्रेलरसाठी आहे. बिनब्रेकच्या ट्रेलरला त्याच गाडीची मर्यादा 750 किलो. शिवाय तिथली गाडी आणि तिथला ट्रेलर जोडायचा हुक एकत्र तपासलेले असतात. इथं बाजारातून हुक आणून चॅसीला वेल्ड मारला, की तो आकडा आपल्याला लागू होत नाही. आपल्या गाडीच्या माहितीपुस्तिकेत टोइंगबद्दल, म्हणजे ट्रेलर ओढण्याबद्दल, काय छापलंय तेच खरं. काहीच छापलं नसेल तर कंपनीकडून लेखी घ्या.

आता वजन. 1250 हे रिकाम्या डब्याचं. टाकीत 80 लिटर पाणी म्हणजे 80 किलो. बॅटऱ्या, गॅस, गाद्या, भांडी, खुर्च्या, बाहेरचं छत, पोरांच्या सायकली मिळून 170 धरा. झाला दीड टन. विकणाऱ्याच्या तोंडी कायम रिकामं वजन असतं. रस्त्यावर मात्र भरलेलंच धावतं, म्हणून ट्रेलरला ठोकलेल्या प्लेटवरचं कमाल वजन बघायचं.

या दीड टनातला काही भाग ट्रेलरच्या पुढच्या दांडीतून गाडीच्या हुकावर बसतो. अमेरिकेत हा भाग एकूण वजनाच्या 10 ते 15 टक्के ठेवतात. 12 टक्के धरले तर 180 किलो. आता तुमच्या गाडीच्या पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर 2750 मिलिमीटर, आणि हुक मागच्या एक्सलच्या मागं समजा 1100 मिलिमीटर. तरफेचा साधा हिशेब केला, तर मागच्या एक्सलवर 180 नाही, 252 किलो वाढतात आणि पुढच्या चाकांवरचे 72 किलो उचलले जातात. त्या पुढच्या चाकांवरच तुमचं स्टिअरिंग आणि ब्रेकचा मोठा भाग अवलंबून असतो.

गळिताच्या हंगामात चढावर उसाच्या ट्रॅक्टरची पुढची चाकं हवेत गेलेली कोल्हापुरात कुणी पाहिली नाहीत? हिशेब तोच आहे.

शेवटी बेरीज: हुकावर 180, हुकाचं लोखंड 30, पाच माणसं 300, डिकीतलं सामान 60. एकूण 570. आता आरसी काढा, एकूण वजनातून रिकामं वजन वजा करा आणि 570 त्यात बसतात का बघा. इंजिन दमायच्या कितीतरी आधी गाडीची पाठ भरलेली असते. रंकाळाकाठ यांचा मुद्दा शंभर टक्के बरोबर आहे.

पाचगावकर

तुमचं गणित मान्य, पण 12 टक्के कुठून आले? अमेरिकेतून. युरोपात हाच भार 5 ते 7 टक्के ठेवतात आणि तिथं लोक साध्या मोटारीला मोठाले कॅरव्हॅन लावून देश पालथे घालतात. 6 टक्क्यांनी 90 किलो होतात. मग तुमचं 570 कुठं राहिलं? सोयीचा देश निवडून नवख्या माणसाला घाबरवू नका.

शिरोली_फॅब्रिकेशन

प्रश्न रास्त आहे. पण युरोपातलं एवढंच उचलून चालत नाही, बाकीचंही आणावं लागतं. ब्रिटनमध्ये ट्रेलर लावला की मोटरवेवरसुद्धा ताशी 60 मैलांची मर्यादा, म्हणजे साधारण 97 किलोमीटर. जर्मनीत मूळ मर्यादा 80, वेगळी मान्यता घेतली तर 100. तिथले ट्रेलर हलके, एक्सल जवळजवळ मध्यावर, जड सामान एक्सलच्या वर, आणि कपलरला, म्हणजे दांडीच्या टोकाच्या जोडणीला, डोलणं दाबणारी यंत्रणा. शिवाय नवख्यानं भरलेला ट्रेलर गाडीच्या रिकाम्या वजनाच्या 85 टक्क्यांच्या आत ठेवावा, असा ब्रिटनमध्ये सल्ला देतात. इथं बनणारे बरेच डबे लोखंडी सांगाड्याचे, ओटा आणि टाकी मागच्या टोकाला. त्यात हुकावरचा भार 6 टक्क्यांवर आणला, की शेपूट जड झालीच.

शेपूट जड झाली की काय होतं ते कागलच्या पुढं हायवेवर कळतं. शेजारून ट्रक जोरात गेला की त्याच्या वाऱ्यानं ट्रेलरचं मागचं टोक ढकललं जातं, गाडीची शेपूट उलटीकडं जाते, आणि प्रत्येक झोक्याला वाढतच जातं. माणूस घाबरून ब्रेक दाबतो आणि नेमकं तेच करायचं नसतं. ॲक्सिलरेटर सोडायचा, स्टिअरिंग सरळ धरायचं, ट्रेलरला इलेक्ट्रिक ब्रेक असतील तर फक्त ट्रेलरचे हातानं लावायचे.

घाटवाटा

चढाचं सोडा, मी उताराचं लिहितो, कारण धाग्याचा मूळ प्रश्न तो आहे.

समजा उतार पंधराला एक आहे. दीड टनाचा ट्रेलर तिथं सतत सुमारे 100 किलोच्या जोरानं गाडीला मागून ढकलतो. गगनबावड्याहून वैभववाडीला करूळ घाटानं उतरताना हे ढकलणं संपतच नाही, आणि वळणं अशी की वेग वाढू द्यायची सोय नाही. सगळं काम गाडीच्याच ब्रेकवर टाकलं, तर निम्म्या घाटात पेडल मऊ लागायला लागतं आणि जळका वास येतो. म्हणून ऑटोमॅटिक गाडी असली तरी मॅन्युअल मोडवर खालचा गिअर घाट सुरू व्हायच्या आधीच पकडायचा. ब्रेक टेकवून ठेवायचा नाही, ठाम दाबून वेग उतरवायचा आणि सोडायचा.

ट्रेलरचे ब्रेक दोन प्रकारचे. एक, गाडी मंदावली की ट्रेलर पुढं सरकून दांडी दाबतो आणि त्या दाबानं त्याचे ब्रेक लागतात. हे स्वस्त आणि सोपं. पण लांब उतारावर दांडी दबलेलीच राहते, मग ब्रेकचे ड्रम तापत जातात. दुसरे इलेक्ट्रिक, गाडीत कंट्रोलर बसवून. ते महाग, वायरिंगही वाढतं, पण आपल्या घाटांसाठी मी तेच घेईन. युरोपात 750 किलोपर्यंत बिनब्रेकचा ट्रेलर चालतो, हे ऐकून छोट्याला ब्रेक लागत नाहीत असं कुणी समजू नये. 650 च्या छोट्यात पाणी आणि सामान भरलं की तोही 800 होतो.

आणखी एक. अरुंद वळणावर ट्रेलरची चाकं गाडीच्या चाकांच्या आतून जातात. फोंडा असो की आंबोली, वळण बाहेरून घ्यावं लागतं, म्हणजे समोरून एसटी येत असेल तर तिला आधी जाऊ द्यायचं. सोळा फुटी डबा आणि त्याची दांडी धरून हे करणं नवख्याचं काम नाही.

शिवाजीपेठेतली_ताई

सगळे दादा वजनावर बोलताय, पण ट्रेलर ठेवणार कुठं? आमच्या पेठेत दारात मोटारसायकल लावायची मारामार. जून ते सप्टेंबर कोकणात कुणी नेणार नाही, तोपर्यंत तो पावसात उभा. सांध्यातून पाणी मुरतं, प्लाय फुगतो, टायर एकाच जागी दबून चिरतात. मला विचाराल तर ट्रेलर नकोच. एकसंध मोटार कॅरव्हॅन घ्यावी, नाहीतर भाड्यानं आणावी. राज्य सरकारनं 2021 मध्ये कॅरव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, त्यामुळं याचा विचार तरी सुरू झालाय. हुक नाही, डोलणं नाही, रिव्हर्स घेताना उलटं स्टिअरिंग नाही. आणि आईंना प्रवासात सीटबेल्ट लावून सगळ्यांबरोबर बसता येतं.

रंकाळाकाठ

ताई, जागेचा मुद्दा खरा आहे. आमचं आर. के. नगरला घर, बाजूला पत्र्याची शेड टाकता येते, म्हणून मी ट्रेलरचा विचार तरी करू शकतो. ज्यांना शेड नाही त्यांनी तुमचंच ऐकावं. पण मोटार कॅरव्हॅन घेऊन बदामीला मुक्काम केला की पट्टदकल, ऐहोळे बघायला तेच धूड गल्लीबोळांतून न्यायचं. ट्रेलर मुक्कामाला सोडला की गाडी मोकळी होते. आणि कॅरव्हॅनचं इंजिन, विमा, सर्व्हिसिंग वर्षभर वेगळं, तेही महिन्यातून एकदा बाहेर निघणाऱ्या गाडीसाठी.

शिवाजीपेठेतली_ताई

म्हणूनच भाड्याची म्हटलं. विकत घ्यायच्या आधी एकदा तरी घरच्यांना घेऊन तसल्या डब्यात रात्र काढा. पोरांना आवडतं की नाही, आईंना ती उंच पायरी चढवते की नाही, हे शोरूममध्ये कळत नाही.

शाहूपुरी_वकील

कागदांचं थोडक्यात. ट्रेलरला स्वतःची नोंदणी लागते, मोटार वाहन कायद्याच्या कलम 61 मध्ये ते आहे, आणि ट्रेलरच्या मागं ओढणाऱ्या गाडीचा नंबरही दिसायला हवा. 750 किलोपर्यंतचा ट्रेलर टी-1 गटात, त्यावरचा साडेतीन टनांपर्यंतचा टी-2 मध्ये. बनवणाऱ्याकडं मान्यतेचं प्रमाणपत्र आहे का ते आगाऊ रक्कम द्यायच्या आधी मागा. "आरटीओचं आम्ही बघून घेतो" या वाक्यावर पैसे देऊ नका. विमा कंपनीला हुक बसवल्याचं लेखी कळवा, अपघात झाल्यावर पहिली चौकशी त्याचीच होते.

पाचगावकर

ब्रेकचं आणि कागदांचं पटलं. पण मूळ मुद्दा मी सोडत नाही. सगळं गणित मांडून शेवटी आईला तंबूत झोपवायचं असेल, तर ते गणित घरासाठी नाही, गाडीसाठी झालं. छोटा आणि मोठा या दोनच पर्यायांत का अडकायचं? बारा-तेरा फुटी, इलेक्ट्रिक ब्रेकवाला, आत छोटा केमिकल संडास, प्लेटवर कमाल वजन 1100 च्या आत, असा बनवून घ्या. पाण्याची टाकी रिकामी न्या, मुक्कामाला भरा. तेवढ्यानंच 80 किलो वाचतात.

शिरोली_फॅब्रिकेशन

याला माझी हरकत नाही. 1100 ला 12 टक्के म्हणजे 132 किलो, बेरीज 522 वर येते. फक्त टाकी एक्सलच्या वर घ्या, मागच्या टोकाला नको. नाहीतर ती भरली-रिकामी झाली की प्रत्येक वेळी हुकावरचा भार बदलतो.

रंकाळाकाठ

मला हा तिसरा पर्याय घेण्यासारखा वाटतो. पोरं तंबूत, आई आत. पण बनवणाऱ्यानं प्लेटवर 1100 लिहिलं म्हणून मी मानणार नाही. शेवटचा हप्ता द्यायच्या आधी सामान भरून वजनकाट्यावर नेणार. हुकावरचा भार काट्यावर कसा काढायचा?

शिरोली_फॅब्रिकेशन

आधी ट्रेलर सुटा करून एकटा काट्यावर, ते एकूण वजन. मग गाडीला जोडा, गाडी काट्याच्या बाहेर, फक्त ट्रेलरची चाकं काट्यावर. दोन आकड्यांतला फरक म्हणजे हुकावरचा भार. मोठे काटे दहा-वीस किलोच्या टप्प्यानं दाखवतात, म्हणून दोनदा करा. सगळं झालं की गाडी तिच्या माणसांसकट एकटी काट्यावर घ्या, ट्रेलर जोडलेलाच पण बाहेर. तो आकडा आरसीवरच्या एकूण वजनाच्या आत पाहिजे.

आणि कपलर ज्यावर बसतो तो हुकाचा गोळा, म्हणजे बॉल, मोजून घ्या. युरोपी कपलर 50 मिलिमीटरचा, अमेरिकी दोन इंची म्हणजे 50.8. डोळ्याला दोन्ही सारखेच दिसतात. दोन इंची कपलर 50 च्या बॉलवर बसतो, पण ढिला राहतो आणि खड्ड्यात उडू शकतो. सुरक्षा साखळ्या दोन घ्या आणि दांडीखालून एकमेकींवर फुली मारून लावा, म्हणजे कपलर सुटलाच तर दांडी रस्त्यात रुतायच्या आधी साखळ्यांवर अडकते. काट्यावर जायच्या दिवशी कळवा, मी बॉल मोजायला व्हर्नियर घेऊन येतो.