दृष्टांत झाला म्हणे! (अनुभव लिहा)

महालातली
परवा माळा काढला. वाडा पाडायला देतोय यंदा, म्हणजे आता नाही तर कधीच नाही. पितळेच्या घागरी, कूलरच्या जुन्या ताट्या (वाळ्याचा वास अजून येतो, खरंच), आणि पत्र्याच्या पेटीत आजीची पोथी. गजानन विजय, शेगावच्या गजानन महाराजांची. आपल्या नागपुरात ही नसलेलं घर शोधावं लागेल, त्यामुळे त्यात नवल नाही. 21 अध्याय, कडा कुरतडलेल्या, पानापानावर हळदीची बोटं.

तर आजी. आजीला दृष्टांत व्हायचे. लोकांना सर्दी होते तसे. सगळ्यात गाजलेला 1976 च्या गुरुपौर्णिमेचा. पहाटे उठून तिनं अख्ख्या वाड्याला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं की महाराज स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर येऊन बसले, आईकडे बोट दाखवलं आणि म्हणाले, ही पोरगी इथं काय करते? हिची जागा इथं नाही. आई तेव्हा शिक्षण अर्धवट सोडून आलेली नवी सून. आठवड्याभरात ती कॉलेजात होती. पुढे शिक्षिका म्हणून रिटायर झाली. ही गोष्ट आम्ही भावंडांनी इतक्या वेळा ऐकली की महाराज कोणत्या बाजूला टेकले होते, चिलीम कोणत्या हातात होती, सगळं मला पाठ आहे.

आठव्या आणि नवव्या अध्यायाच्या मधे घडी घातलेली एक पावती निघाली. कॉलेजची. बी. ए. प्रवेश शुल्क, खाली आईचं नाव. तारीख 21 जून 1976. गुरुपौर्णिमा जुलैत असते हो! मागच्या बाजूला आजीच्या अक्षरात, पेन्सिलीनं: दळण 5 किलो, नीळ, साबण 2.

आईला दाखवली. तिनं चष्मा लावून वाचली, होती तशी घडी घातली, मला परत दिली आणि म्हणाली, कुकरच्या शिट्ट्या किती झाल्या गं?

तेव्हापासून डोक्यात हेच फिरतंय. दृष्टांत होतो, आणि दृष्टांत देतातही. एक स्वप्नातला, एक गोष्टीतला, शब्द एकच. तुमच्या घरी असं कोणी होतं का? पोथी, पुस्तक, स्वप्न, काहीही चालेल.

तर्रीबाज
पहिला नंबर! आजी जिंदाबाद. बाकी मग वाचतो, पोहे थंडे होऊन राहिले.

उन्हाळी_सुट्टी
शिट्ट्या किती झाल्या ते सांगितलंच नाही तुम्ही.

महालातली
पाच. वरणाचं पिठलं झालं.

रामटेकची_वाट
माझ्या मनातला विषय. आमचं आजोळ महानुभाव पंथातलं, त्यामुळे 'दृष्टांत' म्हटलं की मला आधी गोष्टच आठवते, स्वप्न नंतर. पंथाचे संस्थापक चक्रधर स्वामी काहीही समजवायचं असलं की गोष्ट सांगत. केसोबासांनी त्या वेचून दृष्टांतपाठ हा ग्रंथ केला. आंधळे एका हत्तीला चाचपतात, कोणी म्हणतो खांब, कोणी म्हणतो सूप, ती गोष्ट त्यातलीच. आणि गंमत म्हणजे स्वामी गुजरातेतून निघाले ते रामटेकच्या यात्रेला जातो म्हणून! वाटेत रिद्धपूर लागलं, गुरू गोविंदप्रभू भेटले, आणि सगळंच बदललं. रामटेकला जाताना मनसरच्या फाट्यावर मला दरवेळी हे आठवतं.

आता अनुभव. लहानपणी आजी काऊचिऊची गोष्ट सांगायची, शेणाचं घर, मेणाचं घर, थांब माझ्या बाळाला तीट लावू दे. सगळ्यांनीच ऐकलेली. एम. ए. ला लीळाचरित्र होतं, स्वामींच्या आठवणींचा ग्रंथ. भर मे महिना, लायब्ररीत पंखा बंद, आणि समोरच्या पानावर तीच गोष्ट. एका लहान पोरीला स्वामी सांगताहेत. काउळेयाचें घर सेणाचें, साळैचें घर मेणाचें. तेराव्या शतकात! मी पुस्तक मिटून बाहेर गेले, दोन ग्लास पाणी प्यायले आणि पुन्हा आत येऊन ते पान वाचलं. आजी शाळेत गेली नव्हती हो. तिला हे कोणी सांगितलं? तिच्या आजीनं. आणि तिला?

सांबारवडी
साळै म्हणजे? चिमणी नाही का?

रामटेकची_वाट
साळुंकी. चिमणी मागून आली असणार, साळुंकीला शेजारणीचा स्वभाव जमला नसेल 😄

तर्रीबाज
साळुंकी म्हणजे आपली मैनाच न? आमच्या गच्चीवर रोज कल्ला करते. मेणाचं घर तर दूर, माझ्या कूलरमधे घर केलं तिनं. दोन वर्षं झाले, कूलर लावता येऊन नाही राहिला.

सांबारवडी
माझ्याही!! पिल्लं असली की बायको हातच लावू देत नाही. 46 डिग्रीत झोपा.

बर्डीवाला
बर्डीवर फूटपाथवर जुनी पुस्तकं लागतात, तिथं मला 30 रुपयात ब्लॅक एल्कचं पुस्तक मिळालं होतं. इंग्रजी. मुखपृष्ठ गेलेलं. आतल्या पानावर कोणीतरी कोणाला तरी भेट दिल्याचं लिहून त्यातलं नाव ब्लेडनं खरवडलेलं. आधी त्या ब्लेडवाल्यासाठीच घेतलं, खोटं कशाला बोलू.

ब्लॅक एल्क हा लाकोटा जमातीचा, अमेरिकेतला. नऊ वर्षांचा असताना आजारी पडला आणि त्याला मोठा दृष्टांत झाला. चार दिशांचे घोडे, सहा आजोबा, सगळ्या जगाचं एक वर्तुळ. पुढं म्हातारपणी, डोळे जवळपास गेलेले, तेव्हा नायहार्ट नावाच्या कवीला त्यानं ते सांगितलं. तो सांगायचा लाकोटात, त्याचा मुलगा इंग्रजी करायचा, आणि कवीची पोरगी शॉर्टहँडमधे उतरवून घ्यायची. 1932 ला पुस्तक निघालं, कोणी घेतलं नाही. तीसेक वर्षांनी पोट्ट्यांनी उचललं आणि मग जगभर गेलं.

माझ्या डोक्यात ते तीन माणसांचं चित्रच बसलं आहे. स्वप्न एकाचं, जीभ दुसऱ्याची, हात तिसरीचा. त्यातलं किती त्याचं आणि किती कवीचं यावर लोक अजून भांडतात. भांडोत बापा.

अभंगवेडा
बहिणाबाईंचंही तसंच न. शिऊरच्या बहिणाबाई, खानदेशातल्या नाही. शेवटी मुलाला जवळ बसवून आपले मागचे बारा जन्म सांगितले. आणि तुकोबा त्यांना आधी स्वप्नात दिसले, मग पुढं देहूला गेल्या.

आणि तुकोबांचा स्वतःचा दृष्टांत मला सगळ्यात आवडतो तो तुपामुळं. गुरू स्वप्नात आले, डोक्यावर हात ठेवला, मंत्र दिला, सगळं यथासांग. आणि मधेच काय? 'भोजना मागती तूप पावशेर, पडिला विसर स्वप्नामाजी.' गुरूंनी पावशेर तूप मागितलं आणि द्यायचं राहून गेलं! दुकानदाराला माप बरोबर आठवतं बघा. बनवून सांगणारा माणूस असलं राहून गेलेलं तूप आत ठेवणार नाही. म्हणून माझा विश्वास आहे.

महालातली
अहो, पण आमच्या आजीच्या गोष्टीत चिलीम कोणत्या हातात होती तेही होतं 🙈

अभंगवेडा
आजी तुकोबांच्याच शाळेतल्या मग.

इंदोऱ्यातला
आमच्या घरी दृष्टांतबिष्टांत चालत नाही. आजीला बाबासाहेबांच्या 22 प्रतिज्ञा तोंडपाठ आहेत, स्वप्नात देव आला तर ती त्याला आधी दारात उभं करून प्रश्न विचारेल. पण गोष्ट आहे.

14 ऑक्टोबर 1956 ला आजी नऊ वर्षांची होती. तिचे वडील तिला घेऊन भंडाऱ्याकडून आले, किती रस्ता पायी ते दरवर्षी बदलतं. व्हॅक्सिन इन्स्टिट्यूटजवळचं मैदान, म्हणजे आताची दीक्षाभूमी. तिला दिसलं काय, तर पुढच्या माणसांची डोकी आणि लांबवर पांढरे कपडे. एवढंच. पण सांगायला बसली की दीड तास. मी लहान होतो तेव्हा ती वडिलांच्या खांद्यावर होती. मी कॉलेजात गेलो तेव्हा काकाच्या खांद्यावर. हल्ली ती झाडावर चढली होती. माझा भाऊ इंजिनिअर, त्यानं एकदा टोकलं, आजी, मागच्या वर्षी तर खांदा होता. आजी म्हणाली, तू होता का तिथं?

दरवर्षी दसऱ्याला दीक्षाभूमीवर पुस्तकांचे स्टॉल लागतात, तिथून एक पुस्तक ती स्वतःच्या पैशानं घेतेच. वाचता येत नाही तिला. ते वर्षभर मी वाचून दाखवतो, आणि मधेमधे ती मला थांबवून सांगते की हे असं नव्हतं झालं.

उन्हाळी_सुट्टी
'तू होता का तिथं' 😂😂 हे मी ऑफिसात वापरणार.

झोपेचा_शौकीन
थोडं विज्ञान. झोपेत स्वप्नं पडताना शरीराचे स्नायू सैल होऊन जागेवर थिजतात, नाहीतर माणूस स्वप्नातल्यासारखा खरंच पळत सुटला असता. कधीकधी डोकं आधी जागं होतं आणि शरीर थिजलेलंच राहतं. हलता येत नाही, छातीवर कोणी बसलंय असं वाटतं, खोलीत कोणी उभं दिसतं. मला दरवर्षी मे महिन्यात कूलरच्या घरघरीतून कोणीतरी माझ्या घरच्या नावानं हाक मारतं. कारण सगळं माहीत आहे. तरी 'ओ' देतो.

सांबारवडी
नका देऊ!! रात्री तीन हाका येईपर्यंत ओ द्यायची नसते.

झोपेचा_शौकीन
आता 19 वर्षं झाली देऊन राहिलो. तिकडून पुढं कोणी काही बोलतच नाही.

खर्रा_सोडलेला
लिहू की नको करत होतो. मागच्या हिवाळ्यात बाबा आयसीयूत होते. तिसऱ्या रात्री त्यांना पलंगाजवळ ढवळ्या दिसायला लागला. ढवळ्या म्हणजे आमचा बैल, मी दुसरीत असताना गेलेला. बाबा मला म्हणत, त्याला बाजूला घे, नळ्यांत पाय अडकून राहिला त्याचा. मी म्हणत होतो बाबा इथं काही नाही, बाबा हे हॉस्पिटल आहे. जितकं समजवलं तितके ते बिथरत गेले, सलाईन उपसली.

रात्रपाळीची सिस्टर आली. केरळची असावी, मराठी तोडकंमोडकं. तिनं बाबांना विचारलं, कुठल्या बाजूला उभा आहे? बाबांनी डावीकडं दाखवलं. ती बरं म्हणाली आणि पलंगाला वळसा घालून उजवीकडून आली. सुई लावली, जाताना पुन्हा वळसा. सकाळपर्यंत जितक्या वेळा आली तितक्या वेळा वळशानं. बाबा झोपले.

आता घरी आहेत, ठणठणीत. विचारलं तर म्हणतात, बैल? दवाखान्यात? भैताड आहेस काय?

रामटेकची_वाट
खर्रा_सोडलेला, दोनदा वाचलं. त्या सिस्टरला नमस्कार.

तर्रीबाज
खर्रा खरंच सोडला का भाऊ?

खर्रा_सोडलेला
आयसीयूच्या बाहेर सोडला. 11 महिने.

वकीलीणबाई
उशिरा आले, कोर्टात होते. सगळं छान, पण एक कोणी विचारलंच नाही. महालातली, प्रवेशाच्या फॉर्मवर विद्यार्थिनीची सही लागते. पावती जूनची. म्हणजे फॉर्म त्याआधीचा. सही कोणाची होती?

महालातली
अगं बाई.

उन्हाळी_सुट्टी
ओहोहोहो

अभंगवेडा
आलो आलो, बसतो. कोणीतरी चहा टाका.

सांबारवडी
तोवर पोथीच्या बाइंडिंगचं सांगते. चिकटपट्टी अजिबात लावू नका, कागद पिवळा पडून तिथंच तुटतो. इतवारीत अजून हातानं शिवणारे आहेत, जुन्या वहीखात्यांच्या दुकानात चौकशी करा. आणि पावती आत ठेवू नका, वेगळी काढा.

इंदोऱ्यातला
पावती तिथंच राहू द्या. आठव्या आणि नवव्याच्या मधे.

महालातली
विचारलं. भांडी घासत होती. पाठ माझ्याकडे.

मी म्हटलं आई, फॉर्मवर सही कोणी केली? म्हणाली, मीच. नाहीतर कोण करणार. मी म्हटलं म्हणजे तुला आधीपासून माहीत होतं? म्हणाली, हो न. मग फीचे पैसे आजीनं कुठून आणले? तर म्हणे, तुझ्या आजोबांच्या कोटाच्या खिशातून. मी म्हटलं चोरून? म्हणाली, चोरून कशाला, त्यांनीच मोजून ठेवले होते. सुटे.

मी खालीच बसले. म्हटलं मग दृष्टांत कोणासाठी होता?

आई म्हणाली, वाड्यात सात बिऱ्हाडं होती. मोठे चुलत सासरे होते, त्यांच्यापुढं तुझे आजोबा कधी तोंड उघडत नव्हते. दृष्टांत त्यांच्यासाठी. आणि मग म्हणाली, एक मात्र सांगते, चिलीम आम्ही ठरवली नव्हती. ती सासूबाईंनी ऐनवेळी घातली.

वकीलीणबाई
माझी उलटतपासणी संपली.

बर्डीवाला
कोटातले सुटे 🙏

तर्रीबाज
पण चुलत आजोबांनी विश्वास ठेवला का खरंच?

महालातली
तेही विचारलं. त्यांनी त्याच दिवशी उंबऱ्यावर हळदकुंकू वाहिलं आणि वाडाभर पेढे वाटले. तो उंबरा सागवानी आहे. बिल्डरला सांगितलंय, तेवढा काढून ठेवा.

आई विचारून राहिली, ती सहीची चौकशी करणारी कोण आहे. तिच्यासाठी संत्रा बर्फी काढून ठेवली आहे म्हणे. महालात येणं होतं का?

वकीलीणबाई
शनिवारी येते. पोथी दाखवाल न?

तर्रीबाज
आणि आम्ही काय फक्त मैना पाळायच्या काय बे