हलगी, तुणतुणं आणि गिटार: शनिवारी सोलापुरात काय ऐकलंत?

शनिवारच्या लोकसंगीताच्या मैफलीला जे जे होते त्यांनी या धाग्यावर आपापलं लिहा. चांगलं-वाईट दोन्ही. स्वतः गाणी रचून गाणारी चार तरुण मंडळी आणि आपले गोंधळी, हलगीवाले, धनगरी ओवीवाले एकाच रंगमंचावर, असं आपल्या गावात नेहमी होत नाही.

सुरुवात मी करते. मी तिसऱ्या रांगेत होते. गिटारवाला पोरगा मोबाईल पुढे ठेवून सूर जुळवत होता, शेजारी तुणतुणंवाले बाबा खुंटी पिळत होते. एकच तार, पण दोघांचं जुळेना. बाबा माईक चालू आहे हे विसरून म्हणाले, "ते यंत्र ठेव खिशात. माझ्या गळ्याला लाव." पोराने निमूटपणे सगळ्या तारा उतरवून परत लावल्या. पाच मिनिटं गेली, पण पुढचं गाणं असं बसलं की संबळवाल्याची मान डुलायला लागली. तोवर तो बिचारा वाकड्या टोकाची काडी हातात घेऊन नुसता बसून होता.

कडक भाकरी
हलगीचं काय झालं ते बाहेर उभ्या असलेल्यांनीच पाहिलं. हलगी शेकल्याशिवाय बोलत नाही, हे संक्रांतीला सिद्धेश्वरांच्या यात्रेत नंदीध्वजांपुढे नाचलेल्या कुणालाही ठाऊक आहे. आत जाळ करायला परवानगी नाही (बरोबरच आहे म्हणा), म्हणून पोरांनी फाटकाजवळ रद्दी पेटवून हलग्या तापवल्या. टण् टण् वाजायला लागल्या आणि आतून निरोप आला, अजून दोन गाणी थांबा. तोवर चामडं गार. पुन्हा रद्दी. माझ्या हातातला पेपरसुद्धा गेला त्यात, शब्दकोडं अर्धं राहिलं. शेवटी आत गेले तेव्हा एसीच्या गारव्यात पहिल्या दोन मिनिटांतच आवाज बसला. मागच्या रांगेतला एकजण म्हणतो, "काय वाजवूलालेत बे, डबा का काय?" त्याला कोण सांगणार.

पूर्व भागातली
मला एकच गाणं लिहायचंय. त्या मुलीने तेलुगू-मराठी मिसळून वडिलांच्या विणकामाच्या मागावर रचलेलं. आमच्या घरी असंच बोलतात, वाक्य मराठीत सुरू होतं आणि तेलुगूत संपतं, पण ते गाण्यात येऊ शकतं असं कधी वाटलं नव्हतं. माझे नान्ना (वडील) तीस वर्षं यंत्रमागावर होते, ऐकायला कमी येतं. गाणं चालू असताना ते खुर्चीच्या हातावर बोटं आपटत होते. मला वाटलं ठेका धरलाय. बाहेर आल्यावर म्हणाले, "माग एवढ्या सावकाश चालला असता तर मालकाने हाकललं असतं." आवडलं की नाही ते अजून सांगितलेलं नाही. पण घरी आल्यापासून दोनदा विचारलंय, कुणाची पोरगी ती?

माणदेशी
माझी तक्रार आहे. आम्ही सांगोल्याकडचे. धनगरी ओवी रात्रभराची असते. आधी सुंबरान मांडायचं, देवाधर्माची नावं घ्यायची, मग कथा हळूहळू चालायला लागते, झिलकरी ओळ झेलतात. इथे वेळ दिला सात मिनिटं! सुंबरान मांडून होतंय तोच निवेदिका "धन्यवाद, जोरदार टाळ्या" म्हणत पुढे आली. ढोल-कैताळवाल्यांनी एकमेकांकडे पाहिलं आणि उतरले. गिटारवाल्यांना मात्र प्रत्येकी तीन गाणी. कार्यक्रमच छोटा असेल तर ओवी ठेवूच नका, नाहीतर एखादी आख्खी रात्र द्या.

बार्शी लाईट
माणदेशींशी सहमत. शिवाय निवेदनात "स्वतः लिहून स्वतः गाण्याचा हा नवा प्रवाह" असं तीनदा ऐकावं लागलं. अहो, पेशवाईतले राम जोशी याच सोलापूरचे! लावण्या रचायचे आणि डफावर गायचे. शाहीर अमर शेख १९१६ साली आमच्या बार्शीत जन्मले. १९४४ मध्ये अण्णा भाऊ साठे आणि गवाणकरांबरोबर लाल बावटा कलापथक काढलं, स्वतःचं लिहिलेलं हजारोंच्या सभेत गायले. मग नवं काय, गिटार? ते असू द्या की. पोरं चांगली गातात, मी त्यातल्या एकाचं गाणं घरी येईपर्यंत गुणगुणत होतो. पण घरचं नाव एकदा तरी घ्यायचं.

कडक भाकरी
राहिलंच. कार्यक्रम संपल्यावर हलगीवाल्यांनी फाटकाबाहेर पुन्हा जाळ केला. वेळेचं बंधन नाही, माईक नाही. अर्धा तास वाजवलं. मागावरच्या गाण्यावाली मुलगी चप्पल हातात घेऊन नाचत होती. रिक्षावाले भाडं सोडून थांबले होते. तिकीट काढून आत गेलेल्यांपैकी निम्मे तोवर पार्किंगमधून गाडी काढायच्या घाईत होते.

नवीन सभासद
मी मैफलीला नव्हतो, धागा वाचून विचारतोय. ते तुणतुणंवाले बाबा कुठल्या गावचे? तुळशीच्या लग्नानंतर धाकट्या भावाचं लग्न आहे, घरी गोंधळ घालायचाय. आई म्हणते दिवटी पेटवून पहाटेपर्यंत गाणारे हवेत, तासाभरात आटपणारे नकोत.

माणदेशी
पत्ता काढून कळवतो. आणि मलाही बोलवा.