मदत हवी आहे: मुलीचा डोळा एक दिवस तिरळा, एक दिवस सरळ

मुलगी पावणेचार वर्षांची. दोन महिन्यांपासून तिचा डावा डोळा एक दिवस आत वळतो आणि दुसऱ्या दिवशी एकदम सरळ. डॉक्टरांकडे नेलं तो नेमका सरळ दिवस, त्यांनी सगळं नॉर्मल सांगितलं, घरी येऊन मी रडले कारण आदल्या दिवशीच बाहुलीचं बटण लावताना तिचं बुबुळ पार नाकाशी गेलेलं मी बघितलं होतं. मग ती उठली की कॅलेंडरवर खूण करायला लागले, तिरळा तर फुली, सरळ तर गोल. फुली, गोल, फुली, गोल, 3 आठवडे एकदाही चुकलं नाही. पूर्वी एक दिवसाआड पाळीचा ताप यायचा ना, अगदी तसं.

ते कॅलेंडर आणि फोटो बघून दुसऱ्या डॉक्टरांनी नाव सांगितलं, सायक्लिक इसोट्रोपिया, म्हणजे ठरावीक पाळीने डोळा आत वळणारा तिरळेपणा. तिरळेपणाच्या 3000 ते 5000 पेशंटमध्ये एखादा. नंबर, पडदा, एमआरआय सगळं ठीक. शरीराच्या घड्याळाशी संबंध असावा म्हणतात, पण ते घड्याळ 24 तासांचं आणि हिची पाळी 48 ची, हे मला काही केल्या उलगडत नाही.

आता ऑपरेशन सांगितलंय, तेही तिरळ्या दिवशी मोजलेल्या पूर्ण अँगलचं, म्हणजे डोळा जितका आत वळतो तितकं सगळं. माझा जीव इथेच अडकलाय, सरळ दिवशी डोळा मुळात सरळच असतो, मग स्नायू सरकवल्यावर त्या दिवशी तो बाहेर जाणार नाही का? एका डोळ्यावर पट्टी लावून बघू का विचारलं तर नको म्हणाले, त्याने पाळी मोडून डोळा कायमचा आत राहू शकतो. कोणी यातून गेलंय का?

उत्तर: ताई, आमच्या मुलाचं हेच होतं, हीच भीती आम्हालाही होती. पूर्ण अँगलचंच ऑपरेशन केलं, पाळी थांबली, डोळा बाहेर गेला नाही, आणि डॉक्टर म्हणाले बहुतेक मुलांत असंच होतं. नुसतं थांबलात तरी काही महिन्यांत किंवा वर्षांत तिरळेपणा बहुधा रोजचाच होतो. सरळ दिवशी तिचे दोन्ही डोळे मिळून बघतात, ते टिकलंय तोवर केलेलं बरं. अँगल मात्र तिरळ्या दिवशीच मोजून घ्या, एकदा नाही, दोन-तीनदा.

धागाकर्ती: खूप आधार वाटला. उद्या फुलीचा दिवस आहे, अपॉइंटमेंट मुद्दाम उद्याचीच घेतलीय.