मदत हवी आहे: हवेच्या लाईनला न गळणारी फिटिंग कोणती घ्यावी?

नमस्कार मंडळी,

शिरोली एमआयडीसीत माझं छोटं मशीन शॉप आहे. ५ एचपीचा पिस्टन कॉम्प्रेसर, ७ बारला बंद होतो. मुख्य लाईन एक इंची जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी पाईप), तिथून मशीनपर्यंत ८ मिलिमीटरचा पीयू (पॉलियुरेथेनचा लवचिक) पाईप आणि प्लॅस्टिकची पुश फिटिंग, म्हणजे पाईप नुसता आत दाबला की बसतो ती.

मागच्या रविवारी हिशेबाला एकटाच बसलो होतो. सगळी मशीनं बंद, तरी कॉम्प्रेसर मधूनच सुरू व्हायचा. घड्याळ लावून बघितलं. मोटर २ मिनिटं चालते, ६ मिनिटं थांबते, की परत सुरू. म्हणजे चौथा हिस्सा हवा नुसती गळतीत जातेय! साबणाचं पाणी लावत फिरलो तर ११ ठिकाणी बुडबुडे. जीआयच्या जोडांवर दोनच, बाकी पुश फिटिंग आणि क्विक कपलर (झटकन लावायचे-काढायचे जोड). त्यातली निम्मी दिवाळीनंतरच बदललीत, म्हणून जास्त जीव जळतोय.

पितळी बॉडीची घेतली तर टिकतील का? शिवाय एक सेकंडहँड अमेरिकन लेथ आहे, त्याच्या पाव इंची तोंडाला फिटिंग तीन आट्यांतच घट्ट होते आणि टेफलॉन कितीही गुंडाळा, गळतेच. फिटर म्हणतो जीआय आतून गंजलंय, सगळं काढून पीव्हीसी टाकू, स्वस्तात होईल. टाकू का?

प्रतिसाद १

दादा, पीव्हीसी अजिबात नको. पाईपवर छापलेलं प्रेशर पाण्याचं असतं. पाण्याची लाईन फुटली की दाब तिथल्या तिथे उतरतो. हवा दाबून भरलेली असते, ती फुटताना फैलावते आणि पीव्हीसीचे सुरीसारखे तुकडे माणसांच्या अंगावर उडतात. कॉम्प्रेसरच्या गरम हवेनं आणि तेलानं तो पाईप आणखी कमजोर होतो. खर्च करायचाच तर ॲल्युमिनियमची लाईन करा.

अमेरिकन लेथचे आटे एनपीटी, म्हणजे अमेरिकन मापाचे असणार. आपल्याकडच्या पाव इंची बीएसपीला (ब्रिटिश मापाला) इंचात १९ आटे, एनपीटीला १८, आट्यांचा कोनही अनुक्रमे ५५ आणि ६० अंश. ते टेपनं जुळत नाहीत, अडॅप्टरच लागेल. अर्धा इंचीत जास्त फसगत होते, तिथे दोन्हीकडे १४ आटे, फिटिंग छान आत जाते आणि तरी गळते.

पितळी बॉडी मार आणि उष्णता सोसते, पण हवा अडवते ती आतली ओ रिंग, म्हणजे रबरी कडी. पीयू पाईप कशानं कापता?

धागाकर्ता

पोरं हॅक्सॉ ब्लेडनं कापतात.

प्रतिसाद १

मग निम्मी गळती तिथेच आहे. टोक तिरकं आणि खरबरीत असलं की ओ रिंगला चरे पडतात. पीयूचा कटर घ्या, प्रत्येक टोक दोन सेंटिमीटर कापून नव्यानं बसवा, फिटिंगच्या दातांच्या जुन्या खुणा आत जाऊ देऊ नका. पाईप फिटिंगमधून निघाल्या निघाल्या वाकवूही नका. क्विक कपलरच्या आधी बॉल व्हॉल्व्ह टाका आणि सुट्टी झाली की बंद करा.

धागाकर्ता

आज नऊ टोकं कापून बसवली, सहा गप्प झाली. उरलेल्या तिघांच्या ओ रिंगवर गंजाचे कण होते. आमचे मशीनकडे जाणारे सगळे टॅप (फाटे) जीआयच्या खालच्या बाजूनं काढलेत. ते वरून घेतले तर कण आणि पाणी यायचं थांबेल का, की फिल्टरही लागेल?