गॉल जिंकल्यावर रोमने ते टिकवलं कसं?

प्रश्न
मंडळी, गॉल म्हणजे साधारण आजचा फ्रान्स. तिथे इ.स.पू. ५२ मध्ये आलेसियाला गॉलांचा सेनानी व्हर्सिंगेटोरिक्स रोमन सेनापती सीझरला शरण आला, तिथपर्यंतचं मी वाचलंय. पण पुढे पहिला रोमन सम्राट ऑगस्टस याच्या काळात पलटणी ऱ्हाइनकाठी गेल्या, आत सैन्य फारसं उरलं नाही. मग एवढ्या टोळ्या गप्प कशा राहिल्या?

उत्तर
मी फ्रान्समध्ये लिऑनला राहते. मे महिन्यात बव्रे डोंगरावर गेले होते. एदुई टोळीची राजधानी बिब्राक्ते ती इथे, आठशे मीटरच्या वर. आता नुसतं बीचचं जंगल आणि उत्खननाचे चौकोन. तिथून खाली पंचवीसेक किलोमीटरवर ओताँ, म्हणजे ऑगस्टसच्या नावाचं ऑगस्टोडुनम: सहा किलोमीटरचा तट, नाट्यगृह, दोन वेशी अजून उभ्या. काही दशकांत वरचं गाव ओस पडलं, सरदार खाली राहायला आले. मला विचाराल तर गॉल खरं तेव्हा जिंकलं गेलं.

टोळ्या मोडल्या नाहीत. त्याच टोळीचा जिल्हा केला आणि कारभार तिथल्याच घराण्यांकडे ठेवला. इ.स.पू. १२ मध्ये जनगणनेवरून धुसफूस होती, तेव्हा ऑगस्टसचा सावत्र मुलगा द्रुसस याने टोळ्यांच्या प्रमुखांना लिऑनला बोलावलं. तिथल्या रोम आणि ऑगस्टसच्या पूजेच्या वेदीवर साठ टोळ्यांची नावं कोरलेली होती. पहिला पुजारी एदुईच, गायस ज्युलियस व्हर्कोंडारिदुब्नस. पहिली दोन नावं रोमन, तिसरं अस्सल गॉल! त्या एका नावात मला सगळी गोष्ट दिसते.

दुसरं उत्तर
ताई, गप्प कुठे राहिले? इ.स. २१ मध्ये सॅक्रोव्हिर उठला, तोही एदुईच. कर आणि सावकारीने लोक पिचले होते. त्याने ओताँ घेतलं, चाळीस हजार माणसं जमवली, पण त्यातला जेमतेम पाचवा हिस्सा धड हत्यारबंद. शेवटी त्याने स्वतःच जीव दिला.

पुन्हा पहिल्या ताई
बरोबर, कर्जाचं मी लिहायलाच हवं होतं. पण त्याने ओताँच का घेतलं? गॉलभरच्या सरदारांची मुलं तिथे शिकायला होती. मुलं हाती आली की बाप येतील, हा त्याचा हिशोब.

इ.स. ४८ मध्ये सम्राट क्लॉडियसने गॉलच्या सरदारांना रोमच्या सिनेटचं दार उघडलं, पहिला मान एदुईंना. ते भाषण कोरलेला ब्राँझचा पत्रा १५२८ मध्ये इथल्या एका द्राक्षमळ्यात सापडला. संग्रहालयात मी तो तीनदा पाहिलाय. सीझरशी दहा वर्षं लढले खरे, पण त्यापुढे शंभर वर्षांची निष्ठा ठेवा, असं क्लॉडियस सांगतो. पत्र्यावर टिकून राहिलेल्या मजकुरात सॅक्रोव्हिरचं नाव नाही.