टॉर्चची मेमरी कशी चालू करायची? आज रात्रीच्या आत मदत हवी आहे

पाणीपाळी_पलूस
या आठवड्यात शेतीच्या मोटरला रात्रीची लाईट आहे, बाराला येते. त्याआधी कुणी सांगितलं तर बरं होईल. टॉर्च चालू केली की कधी फुल लागते, कधी बारीक, कधी सरळ डिस्को, नुसती लुकलुकत राहते. मला बारीकच पाहिजे, उसात दारं मोडायला, म्हणजे एका सरीतनं दुसरीत पाणी वळवायला, तेवढा उजेड बास होतो. फुल लागली की ओल्या पाचटावरनं असा पांढरा उजेड डोळ्यात येतो की नंतर बांधसुद्धा दिसत नाही. मेमरीची सेटिंग असते म्हणे. कुठं असते? यूट्यूबवर सगळे नुसतं खोकं उघडून दाखवतात.

सोल्डरगन
टॉर्च कुठली?

पाणीपाळी_पलूस
एलईडीची. चार्जिंगची.

सोल्डरगन
दादा, आता सगळ्याच एलईडीच्या आणि सगळ्याच चार्जिंगच्या. नाव काय लिहिलंय? बटण मागं आहे का बाजूला? सेल किती, कुठला? फोटो टाकला तर सगळ्यात बरं.

मोबाईल_मास्तर
सोपं आहे. आयफोन असेल तर कंट्रोल सेंटर उघडा, टॉर्चच्या चिन्हावर बोट दाबून धरा, पट्टी येते. ती खाली ओढली की उजेड कमी.

पाणीपाळी_पलूस
मोबाईलचं विचारलं नाही हो. मोबाईल पाण्यात घालून बसू का?

विट्याचा_वाडा
वडिलांची तीन सेलची पितळी टॉर्च आहे आमच्याकडं. बटण पुढं सरकवलं की चालू, मागं घेतलं की बंद. मेमरी नाही, डिस्को नाही. तसली घ्या आणि निवांत झोपा.

सोल्डरगन
झोपायचं असतं तर त्यांनी धागा कशाला काढला असता? आणि तिचा बल्ब गेला की काय करता?

विट्याचा_वाडा
सांगलीत गणपती पेठेत हिंडलं की मिळतो. हिंडायची तयारी पाहिजे.

उत्तर_शिराळा
बारीक उजेड कसला मागताय राव? आमच्याकडं उसात बिबट्या फिरतोय. टॉर्च लागली की फुलच लागली पाहिजे. डिस्को पण राहू द्या, वेळेला उपयोगी पडतो. एकटं जाऊ नका, मोबाईलवर गाणी मोठ्यानं लावा.

रानातली_ताई
बिबट्या दिसेल तेव्हा दिसेल, पायाखाली घोणस रोजची आहे. मण्यार तर रात्रीचीच फिरते. त्याला लांबचा झोत काय कामाचा? जवळचा, पसरलेला उजेड पाहिजे, आणि पायात गमबूट. शिवाय एकदा फुल उजेड बघितला की डोळे अंधाराला पुरते सरावायला वीस-तीस मिनिटं घेतात. दादा म्हणतात ते बरोबर आहे.

उत्तर_शिराळा
ताई, बिबट्याला वीस मिनिटं थांब म्हणून सांगायचं का?

सोल्डरगन
बिबट्याचा वेगळा धागा काढा. पलूसकर, टॉर्च कुठली ते अजून कळलं नाही.

पाणीपाळी_पलूस
काळी आहे, वीतभर पण नाही. मागं रबरी बटण. जाडा सेल एकच. पुतण्यानं ऑनलाइन मागवून दिली, कागद हरवला. मुंडीपाशी कॉन्व्हॉय एस२ लिहिलंय, पुढं अधिकचं चिन्ह आहे.

सोल्डरगन
हे आधी सांगितलं असतं तर एव्हाना काम झालं असतं. तुमची मेमरी चालूच आहे. म्हणून तर कधी फुल, कधी बारीक. शेवटी ज्या उजेडावर बंद केली तोच पुढच्या वेळी परत लागतो. काल फुलवर बंद केली असेल तर आज फुल. तुम्हाला मेमरी नकोच आहे. ती बंद केली की दर वेळी पहिल्या उजेडापासून सुरू होईल, आणि या टॉर्चमध्ये पहिला बहुतेक बारीकच असतो.

आतल्या चिपला एवढंच कळतं की करंट किती वेळ तुटला. अर्धं बटण दाबून सोडलं की क्षणभर तुटतो, मग ती पुढच्या उजेडावर जाते. कट आवाज येईपर्यंत दाबलं की पूर्ण बंद.

त्या चिपमध्ये बिस्कॉटी नावाचा प्रोग्राम असेल तर असं करा. टॉर्च चालू ठेवून बटण अर्धं अर्धं, भराभर, दहा-पंधरा वेळा दाबा. मध्ये थांबू नका. ती एकदा लुकलुकेल, थांबेल, मग फडफडेल. ही पहिली फडफड उजेडांचा गट बदलायची, ती जाऊ द्या. मग दोनदा लुकलुकून परत फडफडेल, तेव्हा एकदा अर्धं दाबा. मेमरी चालू असेल तर बंद होते, बंद असेल तर चालू. प्रत्येक लॉटला हाच प्रोग्राम नसतो, काहीच झालं नाही तर इथं लिहा.

अजिंक्यतारा_पहाटे
चुकीचा सल्ला. मेमरी चालूच ठेवावी. अंधारात किल्ला चढताना मधल्या उजेडावर टॉर्च लावून ठेवली की दर वेळी तीच मिळते. सारखं टकटक कोण करणार?

सोल्डरगन
तुम्ही एकाच उजेडावर चालता, म्हणून तुम्हाला मेमरी बरी. हे मधेच मोटर बघायला फुल लावणार, परत दाऱ्यावर येणार. यांना दर वेळी बारीक पाहिजे.

अजिंक्यतारा_पहाटे
मग हेडलॅम्प घ्यावा ना. खोरं धरायला दोन्ही हात लागतात.

रानातली_ताई
हे मात्र पटलं. पण चिलटं सगळी तोंडावर येतात.

पाणीपाळी_पलूस
झालं! पहिल्यांदा बोट जड पडलं आणि पूर्णच बंद झाली. दुसऱ्यांदा लुकलुकली. मेमरी गेली. पण आता जो पहिला उजेड लागतो तो काजव्याएवढा आहे, त्यात पाय पण दिसत नाही. आणि डिस्को अजून आहेच मागं.

सोल्डरगन
काजवा असेल तर अर्धं दाबून एक पायरी वर घ्या. रोज तेवढं नको असेल तर गट बदला. परत तसंच भराभर दाबा, पण या वेळी पहिल्याच फडफडीत दाबा. मग गट मोजत लुकलुकते, पाहिजे त्या गटाच्या फडफडीत दाबायचं. एकूण बारा गट आहेत, त्यात डिस्को नसलेले पण आहेत. दोन-तीन उजेडांचाच गट सापडेपर्यंत बघा.

आणि सेलवर किती एमएएच, म्हणजे किती चार्ज मावतो, लिहिलंय ते वाचा. तुमचा जाडा सेल अठरा-सहा-पन्नास (१८६५०) मापाचा असणार, तसल्या सेलवर ९९०० लिहिलं असेल तर ते खोटं. चांगल्या कंपनीचा सेल ३५००च्या आसपास थांबतो.

पाणीपाळी_पलूस
९८०० लिहिलंय. पुतण्याशी बोलतो. गट सापडला, दोनच उजेड आहेत, बारीक आणि फुल. डिस्को गेला. बारीक म्हणजे तसा जरा जास्तच आहे, पण दाऱ्यावर चालेल. लाईट आली, मोटर चालू करायला चाललो.

उत्तर_शिराळा
एकटे जाऊ नका हो.

मोबाईल_मास्तर
अँड्रॉइड असेल तर सांगा, त्याचं वेगळं आहे.